सूर्यभान पोस्टमनच्या नोंदी

पुणे, ४ फेब्रुवारी २०२४

ती. सूर्यभानमामांस,
आरतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या सव्वीस वह्या पूर्ण उतरवून झाल्या. जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटताना एकतीस वर्षांत दिसलेला पक्षी, साप, कोल्हा, सगळं तारखेसह! तुमचं अक्षर मात्र मुंग्यांनी लिहिल्यासारखं आहे. आमच्या कचेरीतल्या पूजाने त्यापायी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

आमचं काम तुम्ही विचारलं होतं. देशभरातल्या संस्था, शिक्षक, शेतकरी यांच्या अशा नोंदी आम्ही एका जागी आणतो. कुणीही, कुठूनही, फुकट पाहू शकतो. परवा गुवाहाटीच्या एका बाईंनी तुमचे धाविक पक्षी पाहून पत्ता मागितला. तळ्याखालच्या ओढ्यातलं शृंगी घुबडाचं घरटंही नकाशावर लागलंय, अगदी दरडीसकट.

लंकामामींना नमस्कार. माया अशीच राहू द्या.

तुमची,
आरती

जामखेड, ३ मार्च २०२४

आरतीस,

परवा दोघेजण मोटारसायकलवर आले. पुण्याहून आलोय म्हणाले, मोबाईलवर तुझा नकाशा दाखवला. शेजारच्या श्रीमंतला वाटलं, तुझीच माणसं. त्याने चहा पाजला आणि दरड दाखवली. सकाळी मी गेलो तर घरटं रिकामं. दोन पिल्लं होती, पंख फुटत आलेली. जादूटोणावाले घुबडं कशासाठी विकत घेतात ते तुला सांगायला नको. मोठी जोडी अजून तिथंच फिरते.

यापुढे वही पाठवणार नाही.

सूर्यभान

पुणे, ९ मार्च २०२४

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

चूक माझी आहे. दरडीपर्यंतची जागा मीच नकाशावर चढवली, आणि चढवताना मला अभिमान वाटत होता. ती नोंद काढली, वनखात्याकडे तक्रार दिली. पिल्लांचा पत्ता नाही.

इथे बैठकीत दोन तट पडले. काही म्हणतात, खुलं म्हणजे सगळं खुलं. काही म्हणतात, सगळंच बंद करा. ही बातमी ऐकून तीन संस्थांनी आपल्या नोंदी परत मागितल्या. सहा वर्षं एकेकाच्या दारात बसून हे जाळं विणलंय, मामा. ते मी उसवू देणार नाही. पण तुमच्या घुबडांच्या जिवावर टिकवणारही नाही. मार्ग सापडेपर्यंत लिहीत राहीन. उत्तर द्या असा आग्रह नाही.

तुमची,
आरती

जामखेड, १६ जून २०२४

चि. आरती हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पाच पत्रं आली. उत्तर देववत नव्हतं. काल तुझी मामी भाकरी थापता थापता कडाडली, म्हणाली पोरगी चुकली पन लपवलं न्हाई तिनं, तुमी कवर तोंड फिरवून बसनार हाय? मग कागद घेतला.

मी टपालातला माणूस, मला तेवढंच समजतं. कार्ड वाटेत कुणीही वाचतं, त्यात कुणाचं बिघडत नाही. चिमण्या, गवतं, फुलपाखरं कार्डावर जाऊ देत. पण पाकीट मी एकतीस वर्षांत फोडलं नाही. ज्याचा जीव बाजारात विकला जातो, त्याची जागा पाकिटात घाल. तालुका सांग, दरड सांगू नको. आणि पाकीट कुणी मागितलं तर आधी नोंद देणाऱ्याला विचार. बैठकीत बोलायला मी येतो. एसटीचा पास आहे.

तुझा,
मामा

पुणे, २२ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही बैठकीत उठून बोललात तेव्हा दिल्लीचे ते मोठे शास्त्रज्ञ टिपणं घेत होते, ते मी पाहिलं. नियम झाला. धोक्यातल्या प्राण्यांची जागा आता सगळ्यांना मोघमच दिसेल. नेमकी हवी असेल त्याने कारण लिहून द्यायचं आणि नोंद देणाऱ्याची परवानगी घ्यायची. गेलेल्या तीनपैकी दोन संस्था परतल्या. तिसरीच्या दारात मी पुन्हा जाऊन बसणार आहे. सत्ताविसावी वही मात्र मागायचं धाडस अजून होत नाही.

आशीर्वाद असू द्यावेत.
आरती

जामखेड, १५ डिसेंबर २०२४

चि. आरती हिस,
आशीर्वाद.

वही सोबत आहे. पण आधी दुसरी नोंद घे.

आपल्या गल्लीतली रंगुबाई यंदा ऊसतोडीला कोल्हारकडे गेलीय. टोळी निघाली तेव्हा मी चार बायकांना लहान वह्या दिल्या होत्या, गडी हसले. परवा तिचा फोन आला. फडात दोन पिल्लं निघाली. बिबट्या, बिबट्या म्हणून सगळे पळाले, कुणी काठ्या आणल्या. रंगुबाई आडवी उभी राहिली. म्हणाली, ह्यांच्या अंगावर ठिपके न्हाईत, ही रानमांजराची हायेत. पाचट टाकून पिल्लं झाकली आणि तेवढी सरी तोडायची ठेवून टोळी पुढे नेली. दिवस कलायला मांजरी आली आणि एकेक उचलून घेऊन गेली. हे सगळं तिने लेकीकडून लिहून घेतलंय.

मी विचारलं, नोंद कुणाच्या नावावर घालू, तुझ्या मालकाच्या? तर म्हणाली, त्यो तर पळाला हुता.

तेव्हा पाहणाऱ्याचं नाव म्हणून रंगुबाईच लिही. देशभरात दिसू दे. तिसऱ्या संस्थेच्या दारात जाशील तेव्हा ही नोंद दाखव, आणि उठवलं तरी उठू नको.

मामी तुझी वाट पाहतेय. लोभ आहेच, तो आता कमी व्हायचा नाही.

तुझा,
सूर्यभानमामा