सहा दाती बैलाचा सरकारी भाव

पालम मुक्कामी दिनकरराव दाजींच्या चरणी मुंजाजीचा दोन्ही हात जोडून दंडवत. आपला गुडघा आता कसा आहे? सुगंधाबाई (माझी धाकटी बहीण खरी, पण आता आपल्या घरची, म्हणून बाई) खुशाल असेल. आमच्याकडे माणसं बरी आहेत. बैलाचं सांगतो, आणि रागानेच सांगतो.

आमच्या ढवळ्याचा जोडीदार होळीनंतर साप चावून गेला, हे आपणांस कळलंच असेल. मृग तोंडावर, वखरणी अर्धी, आणि दावणीला एकच बैल. म्हणून सेलूच्या बैलबाजारात गेलो. तिथे भाव कसा ठरतो हे आपणांस मी काय सांगावं! (आपण तर जनावराच्या आधी दलालाचं तोंड बघता.) दलालाने हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, घेणाऱ्याची गरज घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याची देणाऱ्याला. आजोबांच्या आधीपासून हे चाललंय आणि त्याने कुणाचं घर बुडालेलं नाही.

पण यंदा लढाईच्या कंट्रोलने धान्या-कापडापाठोपाठ बैलसुद्धा धरला! तालुक्याहून एक साहेब आले, जन्मात शेपूट न पिरगाळलेले. त्यांना रुमालाखाली नुसती बेइमानी दिसली. लगेच दवंडी: रुमाल बंद, भाव दातांवर, म्हणजे नुसत्या वयावर. दोन दातीला इतका, चार दातीला इतका, सहा दातीला इतका. चालतो कसा, खातो किती, मारका आहे का, काही सवाल नाही. अहो, गूळसुद्धा आपण जिभेवर ठेवून घेतो!

व्हायचं तेच झालं. चांगले बैल घरोघर एकदम 'आजारी' पडले. बाजारात आले ते लंगडे, काणे, पण दात शाबूत. त्यातलाच एक सहा दाती मी आश्रुबा नावाच्या माणसाकडून घेतला. तो बैल देवगाव फाट्यापर्यंत आला आणि बसला. शेपूट पिरगाळली, कडब्याची पेंढी दाखवली, खंडोबाची शपथ घातली. तो आपला रवंथ करत माझ्याकडे बघतोय. शेवटी भाड्याची गाडी करून, तीत घालून घरी आणला. (रस्त्याने लोक काय काय बोलले ते बहिणीच्या घरी लिहिण्यासारखं नाही.) दुसऱ्या दिवशी आश्रुबाला गाठलं, तर तो शांतपणे म्हणतो, "भाव दाताचा ठरलाय न्हवं, मालक? पायाचं कुनी इचारलं?"

दाजी, माझा राग आश्रुबावर नाही, साहेबांवर आहे. माझ्या वावराला कोणता बैल किती मोलाचा, हे कचेरीत खुर्चीवर बसून कसं कळावं? भाव वरून लादला की चांगला माल दडतो आणि खोडीचं तेवढं आपल्या गळ्यात पडतं. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने आपसात ठरवावं, हाच इन्साफ. यावर मी मरेपर्यंत ठाम आहे.

आपला मेव्हणा,
मुंजाजी

ता. क. आपल्या पाखऱ्याची फार आठवण येते. (आम्हीच आंदण दिलेल्या गायीचा तो.) तोही सहा दातीच ना? मग पाखऱ्या आम्हाला द्या, आमचा बैल आपण घ्या. सरकारी भावाने दोघे सारखे, कुणी कुणाला पैसा देणं नको. नात्यात रुमालाखाली हात घालणं बरं दिसत नाही, आणि हुकूम मोडून आपण अडचणीत यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

ता. क. दुसरा. येताना गाडी मोठी आणा.