राजेसाबची फुंकर

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
गुरुवार

प्रिय राजेसाब,

तू रिटायर होऊन सांगोल्याला लेकीकडं गेलास त्याला सात महिने झाले आणि तू माझा एकही फोन उचलला नाहीस. गुलबानो उचलते आणि अब्बा बागेत गेलेत म्हणते. तुझ्या जावयाची डाळिंबाची बाग मी बघितलीय. दिवसभर माणूस सापडू नये एवढी ती मोठी नाही. राग धर, तुझा हक्कच आहे. पण आपल्या फोर्कलिफ्टची बातमी तुला कळायलाच पाहिजे, म्हणून लिहायला बसलोय.

मंगळवारी सकाळी ती उचलेनाच. पुढं जाते, मागं जाते, हॉर्न वाजतो, पण काटे जमीन सोडायला तयार नाहीत. टॉवेलच्या गाठी न्यायला ट्रक दारात उभा. तुझ्या जागेवर आता वैष्णवी आहे, कुंभारीची, हात लई चांगला आहे तिचा. ती बिचारी लिव्हर ओढून ओढून रडकुंडीला आली. मग मी, सत्तावीस वर्षं फिटरकी केलेला, सगळ्यांना बाजूला सारून पाना घेऊन बसलो. बॅटरी उतरली की गाडी चालते पण उचलत नाही, म्हणून आधी बॅटरी बघितली. भरलेली होती. तेल बघितलं, फ्यूज बदलला. काटे पुढंमागं झुकवले तर झुकले, म्हणजे पंपही धडधाकट. दुपारपर्यंत माझी अक्कल संपली आणि माणसं गाठी हातगाड्यांवरून ओढायला लागली.

तिथं बसल्या बसल्या तुझीच आठवण येत होती. ही गाडी नवी आली तेव्हा पहिली चक्कर सिद्धाप्पा मारणार म्हणून तू हट्ट धरलास आणि मी ती सरळ भिंतीत घातली. मालक आले तर ब्रेकच नवे आहेत हो, असं तूच सांभाळून घेतलंस. माझ्या डब्यातली शेंगाचटणी तू मला चाखायलाही ठेवायचा नाहीस. आमची बसव्वा डब्यात अजून एका माणसाची जास्त घालते, सवय जात नाही म्हणते.

आणि तुझी ती फुंकर. रोज सकाळी सीटवर बसायच्या आधी वाकून लिव्हरच्या बुडाशी तीनदा. अख्खा कारखाना म्हणायचा, राजेसाब मशीनवर दुआ फुंकतो. सुताच्या कांड्या भरणारी सिद्धम्मा तर तापानं फणफणलेला नातू घेऊन तुझ्याकडं आली होती, आणि तू हसत त्याच्याही कपाळावर फुंकर मारलीस. कुणाला खोडून काढायचा तुझा स्वभावच नव्हता.

शेवटी वैष्णवीच म्हणाली, काका, चाचांसारखं करून बघू का. मी वैतागून म्हणालो, कर बाई, तेवढंच राहिलंय. तिनं हात जोडले, वाकून तीन फुंकरा मारल्या, लिव्हर ओढला. काटे सरसर वर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मला अकरा वर्षांपूर्वीचं तुझं बोलणं आठवलं. उचलायच्या लिव्हरखाली जो स्विच आहे त्याची रबरी टोपी फाटलीय, आत टॉवेलचं तूस जातंय, तेवढी बदलून दे की, असं तू म्हणाला होतास. आणि मी म्हणालो होतो, मला शिकवू नको, तू गाडी चालव. पत्रा खोलला. टोपी तशीच फाटकी आणि आत तू गाडी सोडल्यापासून साचलेलं तूस. स्विच दबतच नव्हता, मग पंपाला कळणार कसं.

तू पुन्हा टोपी मागितली नाहीस. दहा वर्षं माझी चूक तोंडानं फुंकून काढत राहिलास. आणि मी काय केलं? नवे मॅनेजर उदयसिंह साहेब जेवणाच्या सुट्टीत विचारत होते, हा काय प्रकार आहे. तुझ्यादेखत, सगळ्यांसमोर मी म्हणालो, साहेब, हा गाडी विजेवर न्हाय, फुंकरीवर चालवतो, बॅटरी काढून ठेवा. सगळे हसले. आठवड्यात तुला गाडीवरून काढून गेटवर बसवलं. शेवटचे चार महिने तू खुर्चीवर बसून ट्रकचे नंबर लिहिलेस. निरोपाच्या दिवशी तू आलाच नाहीस, तुझी शाल माझ्या कपाटात पडून आहे. मला लाज वाटते राजेसाब.

नवी टोपी बसवली. तुझी माफी फोनवर मागायची होती, पण चारचौघांत केलेल्या अपमानाची माफी कानात मागून भागत नाही, म्हणून हे पत्र. इथपर्यंतचं आज जेवणाच्या सुट्टीत त्याच माणसांपुढं उभं राहून वाचून दाखवलं. उदयसिंह साहेबही होते, मान खाली घालून ऐकत होते. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर एकटी सिद्धम्मा उठली आणि म्हणाली, गाडीचं समजलं रं, पण मग माझ्या नातवाचा ताप कशानं उतरला? रविवारी शाल घेऊन येतोय. तुला सोबत घेऊनच परत फिरणार, तिला तूच काय ते सांग.

तुझाच,
सिद्धाप्पा