दुसऱ्याच्या नावाची सोनोग्राफी

॥ श्री ॥
धार, ११ सप्टेंबर २०२५

प्रिय बळवंतराव यांस, स. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण माझा फोन तुमची बहीण आधी उचलते आणि तुमचा कायम स्पीकरवर असतो. हे एकट्याने वाचा.

पीथमपूरच्या गोदामातली माझी नोकरी अडकली. मेडिकलचा रिपोर्ट आला. माझ्या अठ्ठ्याण्णव किलोंत साखर नक्की निघणार या धास्तीनं मी तुम्हाला देवासच्या त्या सेंटरवर माझ्या नावानं पाठवलं. रक्त तुमचं, सोनोग्राफी तुमची, नाव माझं. शेलाट्या मेहुण्याचा रिपोर्ट निर्मळ येईल अशी माझी खात्री. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आली आहे, म्हणजे मधुमेहाच्या अगदी उंबऱ्यावर. शिवाय स्वादुपिंडात चरबी साठल्याचं लिहिलंय.

इथल्या डॉक्टरांकडे कागद नेला. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, त्यांना जराही नवल वाटलं नाही. हेच एखाद्या बारीक माणसात निघालं तर, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, मग जास्तच जपायला हवं. काहींच्या अंगावर चरबी दिसत नाही, ती आत लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात जाऊन बसते, आणि इन्सुलिन स्वादुपिंडातच तयार होतं. चरबी दिसली म्हणजे मधुमेह झालाच असं नाही, पण होण्याचा धोका वाढतो. बारीक माणसाचा कुणाला संशयच येत नाही, म्हणून उशीर होतो.

बळवंतराव, स्वतःच्या नावानं पुन्हा तपासून घ्या. मला चैन पडत नाही.

लोभ आहेच, या वेळी उत्तराची ओढ त्याहून जास्त आहे.

आपला,
जगदेवराव


॥ श्री ॥
धार, १३ सप्टेंबर २०२५

चि. बळवंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

यांच्या रिपोर्टात साखर निघाली. किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते! आता घरात गूळ, साखर, तूप सगळं बंद. सकाळी कारल्याचा रस देते. तोंड वाकडं करून पितात, पण एका शब्दानं भांडत नाहीत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

गौरीचे बेसनाचे लाडू डबाभर उरलेत. शेजारची शिवांगी देवासला निघाली आहे, तिच्याबरोबर पाठवते. तू बिनधास्त खा, तुझ्या अंगाला कुठं काही लागतं? थेट आबांची अंगकाठी, बापाच्या वळणावर गेलास. तसे काटक असून त्यांना साखर कशी झाली ते मला आजवर कळलं नाही. पायाची जखम चिघळेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. यांचं तरी वेळेवर कळलं म्हणायचं.

अपेक्षाला आशीर्वाद. तुझ्या या बायकोचं माझ्यावरचं प्रेम असंच राहो, तुझं तर आहेच.

तुझी,
सुमंगलाताई


॥ श्री ॥
देवास, २० सप्टेंबर २०२५

ती. जगदेवराव यांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसलो. माझं वजन चोपन्न किलो. रोज देवीची टेकरी चढतो. तिथला फुलवाला म्हणतो की भिया, तुम तो हवा में उड जाओगे. सेंटरवाल्यांनी कागदांची अदलाबदल केली असेल, नाहीतर तुमचं नाव लिहिताच यंत्रानं धसका घेतला असेल.

ताईचे लाडू पोचले. रोज दोन खातो. तुमच्या वाट्याचे आहेत म्हणून जरा जास्तच गोड लागतात. जेवल्यावर हल्ली पेंग येते खरी, पण ती कोणाला येत नाही?

एक विनंती. ताईला यातलं काही कळू देऊ नका. कळलं तर आपली दोघांची धडगत नाही, आणि नोकरीही जाईल. तपासणीचं दिवाळीनंतर बघू. अपेक्षालाही सांगितलेलं नाही, घरात उगाच घबराट नको.

थट्टा केली म्हणून रागावू नये, लोभ वाढवावा.

आपला,
बळवंत


॥ श्री ॥
धार, २७ सप्टेंबर २०२५

बळवंत,

आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही, गृहीत धर.

परवा जेवताना यांनी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं. तुझं लाडवांचं पत्र वाचून त्यांना राहवलं नाही. तू हसलास, ते रडले, एवढं तुला कळावं. कंपनीला त्यांनी खरं लिहून दिलं, नोकरी गेली. आज स्वतःच्या नावानं तपासूनही आले. साखर ठीक आहे, लिव्हरवर चरबी आहे, तेव्हा कारलं चालूच राहील.

तुम्ही दोघांनी मला फसवलंत, ते मी एक वेळ विसरेन. पण मी माझ्या हातानं तुला लाडू धाडले, ते कसं विसरू? किती खाल्लेस ते मला कळवू नकोस. आबांच्या पायाचं ड्रेसिंग मी करत होते, तू तेव्हा इंदूरला कॉलेजात होतास. तो वास तुला माहीत नाही.

भाऊबीजेला मी ओवाळते ते तुझ्या आयुष्यासाठी. तपासणी न करता आलास तर निरांजन लावणार नाही. हे रागानं लिहीत नाही. नाही, रागानंच लिहितेय. अपेक्षालाही वेगळं पत्र टाकलं आहे.

माया कुठं जात नाही. ती तुझ्या रिपोर्टाची वाट पाहतेय.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
देवास, ६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

शनिवारी अपेक्षाबरोबर त्याच सेंटरवर गेलो. खिडकीवरच्या मुलीनं ओळखलं आणि हसून विचारलं की जगदेवरावजी, परत आलात? मागे आठदहा माणसं उभी होती. मला सांगावं लागलं की मी जगदेवराव नाही, मी बळवंत, मागे खोटं नाव दिलं होतं. तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांदेखत झापलं.

स्वादुपिंडात चरबी तशीच आहे. साखर ६.६. डॉक्टर म्हणाले की एकदा पुन्हा तपासून मग पक्कं म्हणू, पण उंबरा ओलांडलाच असं समजून वागा. हातपाय काटक्यांसारखे असले तरी पोटाचा घेर वाढलाय, तो उतरला तर आतली चरबीही हटू शकते. अजून वेळ गेलेली नाही, असंही म्हणाले.

मग त्यांनी विचारलं की घरात कुणाला साखर होती का. मागच्या वेळीही हाच प्रश्न होता. तेव्हा मी नाही म्हणालो होतो, कारण जगदेवरावांच्या घरात कुणालाच नव्हती. या वेळी आबांचं सगळं सांगितलं. गेले तेव्हा त्यांचं वय काय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी चोपन्न म्हणालो. लिहून घेतल्यावर त्यांनी माझं वय विचारलं.

मी अपेक्षाकडे पाहिलं. त्रेपन्न, असं तिनंच सांगितलं. ताई, मला भीती वाटते आहे.

तुझा,
बळवंत