तिसरी चावी

५ जुलै, रवि.
सौ. आणि वृषाली सकाळीच गडावर गेल्या, वणीला. अकराच्या सुमारास वृ.चा फोन. "बाबा, गाडीची चावी हरवली." पायऱ्यांवर पडली की प्रसादाच्या रांगेत, काही आठवेना. माझ्याकडची चावी घेऊन एसटीने निघालो. पोचायला अडीच वाजले. सौ. गाडीला टेकून फुटाणे खात होती. म्हणे, देवीने घेतली समजायचं. म्हटलं, देवीला कुठे ड्रायव्हिंग करायचंय!
चिडलो होतो, पण पोरीकडे बघून चावी नुसती तिच्या हातात ठेवली. एवढ्याशा चुकीची दहा वेळा माफी मागत होती. सटाण्याला सासरी तीन वर्षं काय काय झालं ते तिने अजून सगळं सांगितलेलं नाही.

६ जुलै
दोघांत एक चावी. सकाळी वृ. ओझरला शाळेत शिकवायला गाडी घेऊन गेली, मी घरी बसून. ही गाडी मी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतली, माझ्या नावावर, पण तिच्यासाठीच. जावई तिला स्वतःच्या मर्जीने गाडी कुठे नेऊ द्यायचा नाही. नोकरीवर जायचं-यायचं तेवढंच, त्याचेही किलोमीटर वहीत लिहायचा. म्हणून म्हटलं, माहेरी आलीस ना, आता स्वतःच्या मनाने चालव.
शोरूमला विचारलं. चावी हरवल्याची पोलिसांत नोंद करा, आरसी आणा, आधार आणा, मग बघू. चावी आहे की पासपोर्ट?

८ जुलै
आमच्या कॉलनीतला पगारे आला. पूर्वी एकलहऱ्याच्या वीज प्लँटवर कंत्राटदाराकडे फिटर होता, आता चाव्या बनवतो. मी म्हटलं, जुन्या चावीवरून पातं घासून दे की. हसला. "काका, गाडी लोखंडाला नाय ओळखत. चावीच्या मुठीत बारकी चिप हाय, तिला ओळखते. चिपचा नंबर गाडीत नोंदलेला पाहिजे, नायतर इंजिन बंद." स्टिअरिंगखाली वायर लावली, टॅब उघडला. बघत राहिला.
"काका, तिसरी चावी कुठंय?"
तिसरी नाहीच. शोरूमने दोनच दिल्या, मीच सही केली होती. त्याने टॅब माझ्यापुढे धरला. नोंदलेल्या चाव्या : तीन.
म्हटलं, तुझं मशीन गंडलंय. पण टॅबवरचा आकडा परत वाचला. पस्तीस वर्षं प्लँटवर शिफ्ट केल्यात. मीटर चुकतोय म्हणणाराच शेवटी भाजतो, हे मीच पोरांना शिकवायचो.

८ जुलै, दुपार
आठवलं. आठवायला नको होतं.
गेल्या महिन्यात अधिकात धोंड्याचं जेवण. माझा भाऊ म्हणाला, लेक रुसून आली तरी जावई तो जावईच, अधिकाचं वाण चुकवू नये, त्या निमित्ताने तुटलेलं जुळेल. मी ऐकलं. वृ. म्हणाली, नको बाबा. तरी बोलावलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तो पुरणपोळी, तेहतीस अनारसे, चांदीचं ताम्हन घेऊन बसला, पाया पडला. मग म्हणाला, "मामा, गाडी एक चक्कर मारून आणू का? नवी आहे, बघतो कशी चालते." जावयाला नाही कसं म्हणायचं? मी चावी हातात ठेवली. अडीच तासांनी आला. टाकी फुल करून, सौ.ला पान घेऊन. मला वाटलं, सुधारला.
पगारेला विचारलं, किती वेळ लागतो एक चावी वाढवायला? "चालू चावी हातात असली तर? पाऊण तास."

९ जुलै
पगारेकडून जुन्या सगळ्या चाव्या पुसून घेतल्या. आता फक्त माझी आणि नवी. "तिसरी मेली का?" "इंजिनाला मेली. पण काका, पातं तेच हाय ना. दरवाजा उघडेल. चावी फिरवली तर समोरच्या मीटरचे दिवे पण लागतील. गाडी चालणार नाय एवढंच." पूर्ण लॉकसेट बदलायला सांगितला. कंपनीकडून यायला तीन आठवडे.
वृ.ला म्हटलं, हरवलेली कोणाला सापडू नये म्हणून पुसली. बाकी बोललो नाही. हसली होती पोरगी, नवी चावी घेऊन. कशाला तिचा दिवस घालवू.

१३ जुलै
शाळेतून आली ती सरळ माझ्याकडे. "बाबा, सकाळी गाडी तुम्ही काढली होती का? सीट पार मागे होती. माझे पाय पोचेनात."
हो म्हणालो.
का म्हणालो? सकाळी मी खाली उतरलोच नव्हतो. ती "बरं" म्हणून चहा टाकायला गेली.  माझ्याच पोरीशी खोटं बोललो, आणि ते पण त्याच्यासाठी.

१४ जुलै
गाडी गेटच्या आत लावली. वॉचमनला जावयाचा फोटो दाखवला. "हे साहेब? हे तर येतात की. तुमचे जावई म्हणाले." किती वेळा? तो बोटांवर मोजायला लागला.

१६ जुलै
शाळेच्या पार्किंगमधून वृ.चा फोन. आवाज ओळखू येईना. "बाबा, ट्रिप मीटर झीरो केलाय."
मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तो रोज सकाळी ती गाडी काढायच्या आधी ट्रिप मीटर झीरो करायचा. संध्याकाळी आकडा वाचायचा. एक किलोमीटर जास्त निघाला तर.
तिथेच फोन कापला. मी रिक्षा करून ओझरला गेलो. गाडीपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी होती.

१७ जुलै
चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, गाडी चोरीला गेली का? नाही. काही सामान गेलं? नाही. मग लिहू काय? "जावई ना काका? घरातलंच आहे, बसून मिटवा." अर्ज तेवढा घेतला. अहो, बसवूनच तर बिघडवलं मी!
तीन वाजता त्याचा फोन. गोड आवाज. "मामा, मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी आहे. तिला सांगा, ओझर रोडला जपून."
वृ. आज शाळेत गेली नव्हती, गाडी घरीच; खाली जाऊन बघितलं. कमी होती.

१८ जुलै
वृ.ला सगळं सांगितलं. धोंड्याचं जेवण, अडीच तास, तिसरी चावी, सीटचं खोटं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मी नको म्हटलं होतं बाबा."
फार लाज वाटते. एकसष्टाव्या वर्षी पोरीसमोर मान वर करता येत नाही.

१९ जुलै, रवि.
 सौ. भाजीला गेल्यावर वृ. समोर येऊन बसली.
"बाबा, त्याला कुठली चावी दिली होती?"
"माझी."
"एकटी काढून दिली, की जुडगा?"
माझ्या जुडग्यात गाडीची आहे, कपाटाची आहे आणि घराच्या लॅचची. कोण एकटी काढून देतं? तसाच उचलून दिला जुडगा.
तिने उत्तराची वाट बघितली नाही. उठून आत गेली, खोलीचं दार लावलं. मग पलंग सरकवल्याचा आवाज.
पगारेला लगेच फोन केला. येवल्याला आहे, उद्या सकाळी लॅच बदलून देतो म्हणाला. विचारलं, या दाराच्या किती चाव्या झाल्यात ते मशीनवर कळतं का? "नाय काका. साध्या लॅचला काय कळतंय."
कडी लावून दाराशी खुर्ची टाकलीय. सौ. आत्ताच आली. म्हणते, भरदिवसा कडी कशाला? तिला अजून सांगितलेलं नाही.