लाल झाकणाच्या मधातला उंचवटा

४ जानेवारी

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

लाल झाकणाच्या मधात ग्राफवर एक बारीकसा उंचवटा दिसतो. अगदी शेवटाकडे, मुंगीएवढा. मधपाळांकडून आणलेले खऱ्या मधाचे सगळे नमुने पुन्हा लावून बघितले — तिथे सपाट मैदान. आणि तांदळाच्या पाकात हा उंचवटा असतोच असतो! म्हणजे हे लोक मधात पाक ओततायत, आणि आमच्या आजवरच्या सगळ्या चाचण्यांत राजरोस पास होतायत. बाजारात सगळ्यात जास्त खपणारा मध! लहान मुलांना चाटवतात लोक!

भूक मेलीय. प्रयोगशाळेत एकटीच गोल गोल फिरले.

५ जानेवारी

साहेबांना सांगायचं नाही. इतक्यात तर नाहीच. मागच्या वर्षी मी अशीच 'भेसळ, भेसळ' म्हणून बोंब ठोकली आणि निघालं काय — न धुतलेली नळी! साहेब अजून जाता-येता विचारतात, "काय बाई, नळी धुतली का?" या वेळी वेगवेगळ्या दुकानांतल्या, मार्चपर्यंतच्या प्रत्येक महिन्याच्या बाटल्या जमवणार आणि मगच टेबलावर आदळणार. तोवर तोंडाला कुलूप.

६ जानेवारी

कुलूप कसलं! जेवताना नवऱ्याला सगळं सांगून मोकळी झाले. पण नवरा म्हणजे काय परका आहे? शिवाय तोही गोडातलाच — गोळ्या-बिस्किटांना लागणारा पाक बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट. त्याला बाराखडीपासून शिकवावं लागत नाही.

आणि मोबाइल पालथा ठेवून ऐकलं त्याने! लग्नाला नऊ वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. "नेमका कुठे दिसतो? केवढा?" मी टेबलावर मीठ पसरून त्यात बोटाने काढून दाखवला. सासूबाई ओरडल्या, "मीठ कोण आवरणार?" त्याने आवरलं!!

११ जानेवारी

सासूबाईंचं म्हणणं, "एवढ्या मशिनी कशाला गं? पाण्यात थेंब टाक. तळाला गेला की खरा." टाकला. लाल झाकणाचा थेंब दगडासारखा तळाला! आमच्या मधपाळाचा खरा मध जरा पातळ, तो वाटेतच पसरला. सासूबाई लाल झाकणाची बाटली छातीशी धरून खोलीत गेल्या. यांच्यापुढे कोण बोलणार!

१९ जानेवारी

सहा बाटल्या, सहाही ठिकाणी उंचवटा!

हल्ली आम्ही रोज गप्पा मारतो, लग्न ठरल्यावर मारायचो तशा. आज तो म्हणाला, "अगं, पण समजा त्यांनी पाक आधी कोळशातून गाळला तर?" घास हातातच राहिला माझा. काय डोकं आहे! कोळसा ती खूण शोषून घेणार, मग कोणाच्या बापाला सापडायची नाही. "पण त्यांना हे सांगणार कोण?" मी म्हटलं. दोघंही हसलो. मग कोळसा कुठला, किती बारीक, पाक किती गरम — मी आपली सांगतच सुटले. मला बोलताना कोणी अडवलं नाही की माझं हे असं होतं.

नवरा आवडायला लागलाय पुन्हा. लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

२२ फेब्रुवारी

त्याला बढती! "मोठ्या साहेबांना एक गोष्ट सुचवली, त्यांना पटली," एवढंच सांगतो, पुढे विचारलं की विषय बदलतो. लाजतो मेला! माझ्यासाठी निळा स्वेटर आणला — आणि माप बरोबर! सासूबाई सगळ्या मजल्याला सांगून आल्या.

इकडे जानेवारीच्या बाटल्या तपासून झाल्या. सगळ्यांत उंचवटा. एकही चुकली नाही.

३ एप्रिल

येत्या सोमवारी साहेबांची वेळ ठरली. "काय ते?" म्हणाले. "सोमवारी कळेल," म्हटलं — ऐटीत! फेब्रुवारीच्या बाटल्यांतही उंचवटा आहेच; मार्चच्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात. भाषण पाठ आहे. पहिलं वाक्य, "साहेब, नळी धुतली आहे." आरशासमोर म्हणून बघितलं तर मलाच हसू फुटलं.

५ एप्रिल

मार्चच्या बाटल्या सपाट. एकूण एक सपाट.

सगळं धुऊन पुन्हा लावल्या. सपाट. मग जानेवारीची उरलेली बाटली लावली. तिच्यात उंचवटा आहे, जिथल्या तिथे. मशीन ठणठणीत आहे.

पाक कोळशातून गाळलाय.

ऑफिसात मी अजून कोणाला एका शब्दानेही बोललेली नाही. बोलले ती एकाच माणसाशी.