मंत्रिमंडळातली माझी जागा

३ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. देशात इतिहास घडत असताना तो लिहून ठेवायला घरात कोणीतरी शहाणं माणूस हवं. हिला वेळ नाही, सासूबाईंना हौस नाही. उरलो मी.

परिस्थिती थोडक्यात: पंतप्रधानांचं बहुमत गेलं. राजीनामा देण्याऐवजी त्यांनी संसदच बरखास्त करून टाकली. कोर्टानं ती बरखास्ती रद्द केली. पंतप्रधान म्हणतात, कोर्टाला अधिकारच नाही. कोर्ट म्हणतं, अधिकार तुम्हाला नाही. देशाला सध्या सरकार आहे की नाही हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी मात्र येते आहे.

उद्या संसदेत विश्वासदर्शक ठराव. ही खासदार आहे. म्हणजे लोकांनी निवडून हिला दिलं, पण डोकं माझं चालतं. विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली ती त्याचसाठी. इस्त्रीच्या खोलीत ऑफिस थाटलंय. दारावर 'राजकीय सल्लागार' अशी पाटी. सासूबाई धुतलेल्या कपड्यांचा ढीग तरीही तिथेच आणून टाकतात.

३ मार्च, संध्याकाळ

हिला सल्ला दिला. मत कोणालाच द्यायचं नाही. बीपी वाढलं म्हणून सकाळी ॲडमिट व्हायचं, आणि जो जिंकेल त्याचं अभिनंदन कॉटवरून करायचं. खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टशी बोलून ठेवलं. त्यांच्याकडे कॉट नाही, खुर्ची आहे. चालेल म्हटलं, मागे रेलते ना.

ही 'हं' म्हणाली. म्हणजे पटलं.

४ मार्च

पटलं नव्हतं. मी दाढी करत असताना ही बसनं संसदेत गेली आणि उभं राहून सरकारच्या विरोधात मत दिलं. सरकार पडलं. टीव्हीवर सारखी हिचीच छबी.

तासभर चॅनेल बदलत बसलो. मग सगळा डाव लक्षात आला. आधी आजारपणाची कुजबुज, शत्रू गाफील, ऐन वेळी घाव. खेळी माझीच होती. फक्त ती माझ्या ध्यानात उशिरा आली.

डेंटिस्ट दुपारपर्यंत खुर्ची अडवून बसले होते म्हणे. दाढदुखीचा एक पेशंट परत पाठवला. जिन्यात भेटले तेव्हा बोलले नाहीत. देशासाठी एवढं सोसायला हवं.

६ मार्च

नवे पंतप्रधान ठरले. जन्मभर शाळेत गणित शिकवलं म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पाच-सहा पक्षांची मोट बांधायची, म्हणजे खरी परीक्षा खातेवाटपाची. मास्तरांवर भार नको म्हणून मीच बसून ते करून टाकलं. पांढरा फळा आणला. हिला अर्थ. अर्थमंत्र्यांचे विशेष सल्लागार, कॅबिनेट दर्जा: मी. बाकी खाती त्यांनी आपसात बघावीत.

सासूबाईंना विचारलं, तुमच्या लेकीला कोणतं खातं शोभेल? म्हणाल्या, तुम्हाला ज्यातलं काही कळत नाही ते द्या. अशी खाती बरीच निघाली. निर्णयाला मदत झाली नाही.

पेपरात जुन्या पंतप्रधानांच्या जावयाच्या सुरस कथा येताहेत. ना निवडून आलेला, ना नेमलेला. सासऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा, फायली वाचायचा, बदल्या करायचा. देशावर ही वेळ आली ती त्याच्यामुळे, असं कोर्टानंही सुचवलंय. वाचून डोकं फिरलं. केवळ लग्न केलं एवढ्या भांडवलावर राज्य चालवायचं? काही लाज? संतापाच्या भरात माझ्या ऑफिससाठी फिरती खुर्ची सांगून आलो.

८ मार्च

मुलाखत दिली! टीव्हीवाली मुलगी हिला शोधत आली होती. ही घरी नव्हती. मुलीचा हिरमोड होऊ नये म्हणून मीच बसलो. स्पष्ट सांगितलं, आम्ही अर्थ खात्यावर ठाम आहोत. 'आम्ही' म्हणजे कोण, असं तिनं विचारलं. म्हटलं, मी आणि ही. या क्रमानं.

संध्याकाळपासून टीव्हीच्या खालच्या पट्टीत एकच बातमी धावते आहे: 'खासदारबाईंचे पती अर्थ खात्यावर ठाम'. सासूबाई ती मोठ्यानं वाचतात, संपली की पुन्हा येते, की पुन्हा वाचतात.

ही ओरडली नाही. बॅग खाली ठेवून म्हणाली, अहो, तुम्हाला अर्थ खात्यातलं नेमकं काय कळतं? म्हटलं, तपशील अधिकारी बघतात, आपण दिशा द्यायची. परवा बँकेत मी पैसे काढायच्या ऐवजी भरायच्या रांगेत उभा होतो, तो विषय तिनं उगाचच उकरून काढला.

मग मास्तरांचा फोन आला. ती गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर गारवा होता, म्हणून लावलं असावं. काचेतून तिचा हात हलताना दिसत होता. शेवटी तिनं आकाशाकडे बघून काहीतरी ठरवल्यासारखी मान हलवली. माझी मुलाखत मास्तरांच्या कानावर गेलेली दिसते. परिणाम चांगला झाला असणार.

११ मार्च

आज खऱ्या अर्थानं राज्यकारभारात हातभार लावला.

ही सकाळपासून जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. मास्तरांनी नव्या मंत्र्यांसाठी आचारसंहिता तयार करायला सांगितलीय, जावई प्रकरण पुन्हा घडू नये म्हणून. संसदेत जायच्या आधी हिनं कोर्टात वकिली केलेली, त्यामुळे काम हिच्याकडे. एक कलम वाचून दाखवलं: मंत्र्यांची मुलं, जावई आणि सुना यांनी मंत्र्यांच्या दालनात बसू नये, फायली हाताळू नयेत.

मी कपाळावर हात मारला. एवढं ढिसाळ! म्हटलं, अगं, मी विमा कंपनीत जन्म काढला. माणूस कुठून निसटतो ते मला विचार. दालनात बसू नये म्हणशील तर दाराबाहेर बसेल. फायली नको म्हणशील तर तोंडी सांगेल. घे लिहून. आणि मग जी काही बुद्धी चालली आहे म्हणता! सरकारी गाडीत बसायचं नाही. ऑफिसच्या आवारात यायचं नाही, अगदी बाहेरच्या बाकावरसुद्धा नाही. मंत्र्यांच्या वतीनं पेपर-टीव्हीशी बोलायचं नाही. आणि 'सल्लागार, मार्गदर्शक, हितचिंतक अशा कोणत्याही नावाखाली' ही शब्दरचना तर खास माझी.

हिनं पेन खाली ठेवून विचारलं, मुलं, जावई, सुना एवढेच पुरेत ना? मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, नवरा-बायको राहिले की! तेच तर सगळ्यात जवळचे! ते आधी घाल.

नक्की घालू? म्हणाली. म्हटलं, घाल. बघा हं, म्हणाली. म्हटलं, बघायचं काय त्यात?

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. वय झालं की असं होतं.

हिनं माझा शब्द न् शब्द उतरवून घेतला. लग्न झाल्यापासून इतकं मन लावून माझं कधी ऐकलं नव्हतं. बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

१३ मार्च

शपथविधी तोंडावर आला. खातं अजून गुलदस्त्यात. ही सांगत नाही. अर्थ नाही तर गृह घेऊ, असा निर्णय मी सकाळी घेतला. दुपारी परराष्ट्रपर्यंत खाली आलो. संध्याकाळी मत्स्यव्यवसाय असला तरी चालेल असं वाटू लागलं. माशांचेही प्रश्न असतात.

खुर्ची आली. इस्त्रीच्या खोलीत पूर्ण फिरत नाही. अर्ध्यात टेबलाला अडते.

१५ मार्च

शपथविधी. नातेवाईकांना मागची रांग.

हिला विधी आणि लोकतक्रार निवारण. अर्थ हुकलं याचं वाईट वाटायला हवं होतं. पण ती माईकपुढे उभी राहिली, आवाज जरासा कापला, मग सावरला, आणि मला एकदम भरून आलं. शेजारचे कोणीतरी विचारत होते, तुमच्या कोण? मी रुमाल काढून नाक पुसलं. एसी फार होता तिथे.

रात्रीपर्यंत विचार करून मत बदललं. तक्रार हा तसा माझाच विषय. उद्यापासून कामाला लागायचं. पहाटे उठणे. रोज तीन पेपर. हिला गाडीत मुद्दे सांगणे.

१६ मार्च

सकाळी सरकारी गाडी आली. कोट घालून हिच्या शेजारी जाऊन बसलो. ड्रायव्हर गाडी सुरू करेना. म्हटलं, चला. तो मागे वळला आणि अदबीनं म्हणाला, साहेब, नवीन नियम आलाय, घरच्या माणसांना गाडीत घेता येत नाही. समोरच्या कप्प्यातून छापील प्रत काढून दाखवली. वर म्हणतो, कोणी लिहिलाय कोणास ठाऊक, पण माणूस चांगलाच खडूस दिसतो.

ही दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती. खांदे हलत होते.

उतरलो. डेंटिस्ट दवाखान्याच्या दारात उभे. त्यांना सांगितलं, बसून बघत होतो, सीट बरी आहे का.

दिवसभर नियमातली पळवाट शोधली. घटनातज्ज्ञाच्या बारकाईनं शोधली. नाही. मसुदा भक्कम आहे. विषय अवघड होता, पण हाताळणी उत्तम, हे विरोधकांनाही मान्य करावं लागेल.

१९ मार्च

ही अंधार पडल्यावर येते. दमलेली असते. काय झालं आज, विचारलं तर म्हणते, गोपनीयतेची शपथ घेतलीय हो. बरं, थोडक्यात सांग म्हटलं, तर झोपली.

दारावरची पाटी काढली. धूळ बसत होती. कपड्यांना इस्त्री केली, हिचे सगळे. कॉलरला जरा जास्त वेळ दिला. सासूबाई म्हणाल्या, हे जमतं की तुम्हाला.

करमत नाही. पूर्वी ही कोर्टातून यायची तेव्हा मी सल्ला द्यायचो, ती हो हो करायची. आता तेवढंही नाही.

२२ मार्च

युक्ती सापडली! दर सोमवारी मंत्री सामान्य नागरिकांच्या तक्रारी ऐकणार. उद्या सोमवार. मी नवरा म्हणून जाऊ शकत नाही, पण नागरिक म्हणून मला कोण अडवणार? तक्रार शोधून ठेवली: कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा दिवसा चालू आणि रात्री बंद. तक्रार सांगता सांगता कारभाराबद्दल चार सूचनाही करायच्या. तिला माझी गरज आहे, फक्त नियमामुळे बोलता येत नाही.

२३ मार्च

सकाळी ही निघून गेल्यावर मागोमाग निघालो. रांग मोठी. शिपाई दारातच प्रत्येकाला विचारत होता, मंत्र्यांचे नातेवाईक आहात का? माझी पाळी आली. नाही म्हटलं.

आत मोठी खोली, ओळीनं खुर्च्या, समोर टेबलाशी ही आणि एक लेखनिक. पाळी येईपर्यंत बघत बसलो. पेन्शन अडकलेला एक म्हातारा होता. पेन्शन सोडून मुलगा, सून, गुडघे, सगळं सांगत राहिला. मी असतो तर मुद्द्यावर या म्हटलं असतं. हिनं मध्ये तोंड घातलं नाही. त्याचं सगळं संपल्यावर एकच प्रश्न विचारला आणि त्याचं काम नेमकं कुठे अडलंय ते बाहेर आलं. तसंच एका बाईचं, शेजाऱ्यानं भिंत पुढे घेतली होती. तसंच पुढच्याचं. कोणाला सल्ला नाही, भाषण नाही. माणसं येताना तावातावानं यायची आणि जाताना हळू चालत जायची.

माझ्या चार सूचना कुठे बसवाव्यात ते कळेना. एकही बसली नाही. हिला माझी गरज नाही, हे तिथे त्या खुर्चीवर बसून मला दिसलं. आणि वाईट वाटायच्या आधी अभिमान वाटला. वाईट नंतर वाटलं.

माझं नाव पुकारलं. हिनं मान वर केली. ओळख दाखवली नाही. बसा, म्हणाली, आपली काय तक्रार आहे?

आपली! घरात इतक्या वर्षांत इतक्या मायेनं कोणी विचारलं नव्हतं. दिव्याचं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. म्हटलं, बाई, माझी बायको मोठ्या कामाला लागली. त्याचा आनंदच आहे. पण आता घरात मला कोणी काही विचारत नाही. काय करावं?

खोलीत कोणी हसलं नाही. लेखनिक पेन धरून थांबला. ही माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरल्यासारखे वाटले, खात्रीनं सांगता येणार नाही. मग चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाली, विषय गंभीर आहे, पण तो या खात्याच्या कक्षेत येत नाही. लेखनिकानं पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आलो तर शिपायानं हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. आतलं त्याला ऐकू आलं होतं. म्हणाला, काका, मन घट्ट करा. नशिबाचा भाग असतो. तुमची बायको आमच्या बाईंसारखी असती ना, तर तुमच्यावर ही वेळच आली नसती.

हो म्हटलं.