नादारीच्या यादीतलं सातवं नाव

१२ डिसेंबर १९५३. कांडला

आणि तरी दादाच म्हणणार, भट्टी मी थांबवली म्हणून! चाळीस हजार कच्च्या विटा नऊ दिवस रचून ठेवलेल्या. आमच्यात भट्टीला पहिला विस्तव घरातल्या थोरल्याने द्यायचा. त्याला बोलवायला नारळ घेऊन मी स्वतः जायला हवं होतं, कबूल. मी बायकोच्या हाती धाडला. हिराने नेलेला नारळ ओट्यावर तसाच, आणि हा रुसून आत. मांजर्लीत त्याचं घर ते माझी भट्टी, अंतर किती? दोन शेतं. दहाव्या दिवशी ऐन चैत्रात गारा पडल्या. विटांचा पुन्हा चिखल.

इथे मिठागरात फावडं मारताना रोज त्याच्याशी भांडतो. तो तिकडे, त्याला ऐकूही जात नाही.

२० डिसेंबर

दादाचं पत्र. शाळेतल्या मास्तरांकडून लिहवलंय, म्हणून "चिरंजीव बबन यास आशीर्वाद". तोंडाने जन्मात बबन्याशिवाय काही म्हटलं नाही.

मजकूर असा: भट्टीच्या जळणाचा तूसवाला आणि सावकार आळीपाळीने दारात येऊन बसतात. हिराला पाण्यालाही बाहेर पडता येत नाही. कल्याणचे वकील सांगतात, बबनने कोर्टात नादारीचा अर्ज करावा, देणं झेपत नाही म्हणून. वाटणीचं शेत जाईल. पण माणसं दारातून उठतील.

२१ डिसेंबर

नाही करणार. नादार म्हणजे काय, पंगतीत बसलो की शेजारचा पान सरकवून घेणार. उद्या मूल झालं तर त्यालाही तेच नाव.

२३ डिसेंबर

देणं २३४० रु. इथे महिना ४५. खाऊन पंचवीस उरतात, तेही सणवार सोडून. म्हणजे आठ वर्षं, व्याज धरलंच नाही. आठ वर्षं हिराने दार लावून बसायचं?

रजा मागितली.

९ जानेवारी १९५४. मांजर्ली

हिराने दार उघडण्याआधी फटीतून बघितलं. कोण आहे ते बघून मग कडी काढली. ते बघवलं नाही.

म्हणाली, "मिठात राहून काळे कसे झालात हो?" मग हसली, मग डोळ्यांना पदर. शेताचं विचारलं तर म्हणे, "शेत गेलं तर मजुरीला जाईन. पन उघड्या दाराने जाईन."

११ जानेवारी

उल्हासनगरला गेलो, अम्मांकडे. बाकीचे सहा घेणेकरी व्यापारी आहेत, ते आपलं बघून घेतील. अम्मांची गोष्ट वेगळी. फाळणीत सिंधहून आलेली, एकटी, पापड लाटते. अर्ध्या बराकीत चार बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. एक भिंत बांधायची म्हणून चार हजार विटांचे १२० रु. तिने मला आगाऊ दिले. पावती नाही, काही नाही. तेव्हा म्हणाली होती, "उधरवाला खाँसता है तो मेरी दाल में गिरता है." पडदा अजून तिथेच.

सांगितलं, अम्मां, यादीत सगळ्यांची नावं द्यावी लागतात, तुमचंही. लाटणं थांबलं नाही. मला पुट म्हणते, म्हणजे मुलगा. "मेरा नाम मत लिख, पुट. सिंध का घर, दुकान, कुआँ, सब क्लेम के काग़ज़ पर लिखवाया. जो काग़ज़ पर चढ़ा वो हाथ में नहीं आया."

मग एक पापड भाजून दिला. खाल्ला. काय करणार.

१४ जानेवारी. कल्याण

वकील म्हणाले, एकही नाव लपवलंस तर गुन्हा. सहा सांगितली. सातव्याला तोंड उघडेना. दादा शेजारी बसला होता. त्यानेच सांगितलं, "अजून एक बाई हाय, साहेब."

अंगठा-बिंगठा नाही, सही केली. तिसरीपर्यंतची शाळा कुठे कामाला आली बघा.

परत येताना दादा एकदम म्हणाला, "तीनदा बांधापर्यंत आलेलो, बबन्या. इस्तव द्यायला."

"मग?"

"मग काय. तू भट्टीजवळ पाठ करून उभा होतास."

बदलापूरला उतरल्यावर माझी पिशवी त्यानेच उचलली.

२ जुलै. ठाणे

कोर्ट. अम्मां आली होती, इस्त्रीची पांढरी ओढणी घेऊन. कारकुनाने विचारलं, रक्कम किती? ती म्हणाली, "चार हज़ार ईंटें." कारकून म्हणाला, बाई, रुपयांत सांगा. "मैंने रुपये माँगे ही नहीं. ये लड़का ईंट देगा." लोक हसले. जज्जसाहेब हसले नाहीत.

मला नादार ठरवलं. वकील म्हणाले, सुटकेचा हुकूम पुढच्या जूनमध्ये मागू, तो झाला की कायद्याने कुणाचंच काही लागत नाहीस. त्या बाईचंही नाही.

बाहेर अम्मां जिन्यापाशी थांबली. "चढ़ा दिया ना काग़ज़ पर?" एवढंच. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

७ नोव्हेंबर. कांडला

पुन्हा मीठ. टाचांना भेगा. वकिलांनी बजावलंय, पन्नासाच्या वर उधार घ्यायची तर मी नादार आहे हे आधी सांगायचं. मी इथल्या वाण्याला नऊ रुपयांच्या ज्वारीलाच सांगून टाकलं. त्याने माप परत पोत्यात ओतलं. म्हणाला, रोकडा आण. आणले. आता गमतीने "शेठ आले" म्हणतो. चालायचंच.

१९ डिसेंबर

हिराचं पत्र, मास्तरांच्याच अक्षरात. शेताचा लिलाव झाला. गावातल्या एकानेही दादाच्या वर बोली लावली नाही, तोंडं फिरवून उभे राहिले. दादाने वहिनीच्या पाटल्या मोडून शेत घेतलं. हिराने विचारलं, आता भात कोण लावणार? तो म्हणाला, "पूर्वी लावायचीस तसंच लाव."

मास्तरांनी खाली स्वतःचं एक वाक्य घातलंय: मी होतो तिथे. नशीबवान आहेस.

विस्तवाचं भांडण आजपासून बंद. माझ्याकडून.

४ मार्च १९५५

दादाने अंबरनाथला शिवमंदिरामागच्या भट्टीवाल्याशी बोलणं केलंय. तीस रुपये हजार. मी पाठवेन तसतशा विटा जायच्या. पहिली गाडी घेऊन हिरा स्वतः गेली. अम्मांनी उतरवू दिली नाही. "तेरे आदमी का हिसाब कोर्ट में है." हिराने बैल सोडले आणि तिच्याशेजारी बसून दुपारभर पापड लाटले. संध्याकाळी अम्मां उठून म्हणाल्या, किती आणल्यास? तीनशे. बरं, भिंतीला लावून ठेव.

११ मे

आतापर्यंत नऊशे गेल्या. भिंत गुडघ्यापर्यंत आली. अम्मां तिच्यावर पापड वाळत घालतात म्हणे. माझं नाव काढत नाहीत. हिराला मात्र "नूंह" म्हणतात, म्हणजे सून.

वकिलांचं कार्ड आलं, दादाने कळवलं. सावकाराच्या कानावर गेलंय. एकाला गुपचूप देतोस असं त्याने कोर्टात सांगितलं तर जूनची सुटका अडकेल. हुकूम होईपर्यंत विटा थांबव. महिन्याचाच प्रश्न आहे.

१२ मे

एकदा थांबून बघितलंय. नऊ दिवस.

पण सुटका अडकली तर हिराच्या दारात परत माणसं बसतील. तिला दिवस गेलेत, आठवा. दादाला विचारावं तर तो म्हणेल, तुझं तू बघ, आणि वर पिशवी उचलायला हजर.

१३ मे

पोस्टात रांगेत उभा राहून मनीऑर्डरचा फॉर्म दोनदा लिहिला. पहिला नुसत्या पंधराचा, तो फाडला. घरखर्चाला पंधरा, विटांना नऊ. एकूण चोवीस रुपये.